कार्डातली दुपार

पलूसला माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज आणि बाकी सगळी फुकटची चौकशी. रोज एक तरी माणूस पेनड्राइव्ह घेऊन येतो, माझ्याच टेबलावर बोटं वाजवत उभा राहतो आणि म्हणतो, "ताई, लय हळू चाललंय वो तुमचं मशीन." पेनड्राइव्ह त्याचा, त्यात भाच्याच्या लग्नाचे ढीगभर फोटो, वर कुठल्या तरी कॉम्प्युटरातून आणलेला व्हायरस, आणि हळू चालतंय ते माझं मशीन. एक पोतं ज्वारी उचलून गाडीत टाकायला वेळ लागत नाही. तीच ज्वारी दाणा दाणा मोजून टाकायची म्हटली तर दिवस जातो. बारक्या फायली म्हणजे दाणे, हे मी पहिल्यांदा शांतपणे सांगते. दुसऱ्यांदा विचारलं की तोंड सुटतं. माझ्या जिभेनं मेंढरं कातरावीत, असं माहेरी म्हणतात.

पण त्या दुखण्यातलं मला कळतं, हे खरं आहे. कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबी तोंडाला लावलेलं हळू चालतं, मागच्याला जोरात. तोंड आतून निळं असलं तर आणखी जोरात. वायर स्वस्तातली असली तर बदलावी. मधे चार तोंडांचा डबा लावला असला तर काढून टाकावा. अँटिव्हायरस एकेक फाईल हुंगत बसला असला तर त्याला थोडा वेळ गप्प करावं. एवढं केलं की बहुतेकांचं काम होतं आणि मग ते मला शहाणी म्हणतात. म्हणून गेल्या थंडीत आईचा फोन आला, तेव्हा मला जराही काळजी वाटली नाही.

"डबं अडखळतंय गं," आई म्हणाली.

"कुठं अडखळतंय?"

"चढावर. कुत्रं भुकतं त्याच्या म्होरं. जरा थांबतंय, मग जातंय."

डबं म्हणजे तिचा कार्डवाला स्पीकर. मेंढके खांद्याला अडकवून गाणी ऐकत हिंडतात तसला. मीच दहिवडीच्या बाजारातून तिला आणून दिला होता. त्यात गाणी नव्हती. त्यात माझे आबा होते.

हे नीट सांगायला हवं. आम्ही माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढच्या वस्तीवरचे. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणच्या बाजूला जायचे आणि उन्हाळा सरता सरता परत यायचे. आधी आईही जायची, घोड्यावर संसार लादून. मग तिचे गुडघे गेले आणि ती घरी राहिली. आबा वस्तीवरच्या इतर मेंढक्यांबरोबर जाऊ लागले. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता. खाली दरीत रेंज नसायची आणि रेंज असली तर चार्जिंग नसायचं. पण त्या फोनमध्ये आवाज भरायची सोय होती आणि नखाएवढं एक कार्ड. तळावरचं कुणी गावाकडं निघालं, की आबा कार्डात बोलायचे, कार्ड काढून चिंधीत बांधायचे आणि त्याच्या हाती द्यायचे. आई ते घरच्या फोनमध्ये घालून ऐकायची. ऐकून झालं की पुसायची, आपलं बोलणं भरायची आणि जाणाऱ्याबरोबर कार्ड परत धाडायची.

आमच्या वस्तीवर साऱ्याच घरांतून अशी कार्डं फिरायची. ऐकलं की पुसायचं, हा सगळ्यांचा नियम होता. शेजारणीचं भांडं घासून, त्यात काहीतरी घालूनच परत द्यावं, तसं. त्यामुळं इतक्या वर्षांत आबा जे काही बोलले ते आलं आणि पुसलं गेलं. कुणाला काही वाटलंही नाही. माणूस होतं, पुन्हा बोलणार होतं.

आबांना फोन सुरू करायचं मोठं बटण ठाऊक होतं, बंद करायचं कधी सापडलं नाही. आमच्याशी फोनवर बोलून झालं की म्हणायचे, "ठेवतो आता. तिकडनं बंद कर गं." मग आम्ही इकडून बंद करायचो. कार्डात बोलतानाही ते शेवटी तेच म्हणायचे आणि तळावरचं कुणीतरी हसत हसत त्यांच्यासाठी बटण दाबायचं. त्या शेवटच्या खेपेला मात्र ते मेंढरांमागं एकटेच होते. बोलले, "तिकडनं बंद कर" म्हणाले आणि फोन बंडीच्या खिशात टाकून चालायला लागले. कार्डात बोलताना तिकडं कुणी नसतं. कार्ड भरून आपोआप थांबेपर्यंत आवाज भरला जातच राहिला. अख्खी दुपार त्यात आली.

ते कार्ड गावच्या जत्रेला आलेल्या एका मेंढक्यानं आणून दिलं. बोलणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "आगं, ऐकतीस का? मी बोलतोय. काळी याली. दोन कोकरं झाली. गुडघ्याला त्याल लावतीस न्हवं? पोरीला म्हनावं, लय राबू नगं." असं साधंच. पुढं नुसती खुडबुड होती, ती कोण ऐकत बसणार? आई जत्रेच्या पाहुण्यांत अडकली होती, तिचं उत्तर भरायचं राहिलं. आठवडा व्हायच्या आत निरोप आला, की आबा गेले. संध्याकाळी तळावर भाकरी खाऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. थोडे दिवस दम लागत होता, पण कुणाला काही बोलले नव्हते, असं बरोबरचे लोक म्हणाले.

कार्ड पुसायचं राहिलं होतं म्हणून तेवढं उरलं. मेंढरं विकली. भाऊ मुंबईला कामाला होता, तो दिवस करून परत गेला. मी पलूसला आले. आई एकटी राहिली. तिला मी डबं आणून दिलं आणि त्यात कार्ड घालून दिलं, ते तिला आबांचं बोलणं ऐकता यावं म्हणून. ती बोलणं ऐकून थांबत नव्हती. रोज दुपारी उंबऱ्यात ज्वारी निवडत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकायची. मी माहेरी गेले की तेवढा वेळ बाहेर जाऊन बसायचे. मला ते चालणं ऐकवत नसे.

तर आईचा तो फोन आला. मी म्हटलं, "आये, कार्ड पाठवून दे कुणाबरोबर. हितं भरून घेते आन नवं पाठवते."

"न्हाई."

"का?"

"हरवंल. तूच ये."

मग लॅपटॉप, दोन कार्डरीडर, तीन वायरी आणि एक कोरा पेनड्राइव्ह घेऊन मी रविवारी पहाटेची गाडी धरली. घरी सांगून आले, की संध्याकाळी परत येते. पाव जीबीसुद्धा नव्हती ती फाईल. चहाला आधण यायच्या आत व्हायचं काम.

आईनं डब्यातून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं आणि माझ्या अगदी जवळ बसली. मी कार्ड रीडरमध्ये घातलं, रीडर लॅपटॉपला लावला आणि कॉपी करायला टाकलं. सुरुवात झकास झाली. हिरवी पट्टी सळसळत निघाली. मग मंदावली. मग वेगाचा आकडा खाली खाली येत शून्यावर बसला आणि तिथंच राहिला.

"झालं का?" आईनं विचारलं.

"न्हाई अजून."

"त्यास्नी कसली घाई न्हाई," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. तेव्हा हसायला काही हरकत नव्हती.

मग मी माझं सगळं शास्त्र वापरलं. दुसऱ्या तोंडाला लावलं. निळ्या तोंडाला लावलं. वायर बदलली, रीडर बदलला. अँटिव्हायरस गप्प केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. प्रत्येक वेळी पट्टी तशीच हौसेनं निघायची आणि त्याच ठिकाणी येऊन थांबायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं. वायरीचं दुखणं असतं तर ते कुठंही अडलं असतं. तोंडाचं असतं तर सुरुवातीपासूनच हळू चाललं असतं. हे एकाच जागी अडत होतं, म्हणजे दुखणं कार्डाचंच होतं. कार्डाच्या दुखण्याला वायर बदलून काही होत नाही.

मग मी खराब कार्डातून निघेल तेवढं ओढून काढणारं एक सॉफ्टवेअर लावलं. त्यानं बराच वेळ घेऊन एक तुकडा काढला. आबांचं सगळं बोलणं त्यात आलं होतं, पुढं थोडं चालणंही आलं होतं. तेवढ्यात कार्ड इतकं तापलं, की लॅपटॉपनं ते ओळखायचंच सोडून दिलं. मी ते बाहेर काढलं तर बोटाला चटका बसला.

"आये, हे बघ, बोलणं सगळं आलं," मी म्हटलं आणि तिला ऐकवलं. आगं, ऐकतीस का, पासून तिकडनं बंद कर, पर्यंत.

तिनं ऐकलं. मग म्हणाली, "म्होरचं?"

"म्होरं काय हाय गं? चालनंच हाय नुसतं."

"मला चालनंच पायजे."

माझी जीभ सुटली. रोज रोज वाजवून वाजवून कार्डाची वाट लावली, आता कुठून आणू, मी काय देव आहे का, असं बरंच बोलले. कार्ड पदराच्या टोकाला बांधून आईनं गाठ मारली आणि चुलीकडं गेली. मी बाहेर येऊन लिंबाखाली उभी राहिले. मला तिचा राग आला नव्हता, हे मला तिथंच कळलं. मला भीती वाटत होती. दुकानात बसून जगाची कार्डं दुरुस्त करते आणि बापाचं एक कार्ड हातून जाणार, याची भीती.

संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं, की येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जीपनं दहिवडीला गेलो. तिथं मोबाईलच्या दुकानात चांगल्यातला रीडर मिळेल असं वाटलं. कार्ड आईच्या पदरातच होतं. दुकानवाल्यानं गाठ सोडेपर्यंत वाट बघितली, कार्ड आपल्या मशीनला लावलं आणि लावल्या लावल्या म्हणाला, "लय स्लो झालंय मावशी. फॉरमॅट मारू का? एकदम फास्ट हुईल."

"म्हंजी काय करनार?" आईनं मला विचारलं.

"पुसनार."

आईनं हात पुढं केला. त्यानं कार्ड परत दिलं, वर आणि म्हणाला, की ताई, सगळे फॉरमॅटच मारतात, त्यात काय. पुसल्यावर सगळंच फास्ट होतं, असं मी त्याला सुनावलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडं येणाऱ्यांच्या कार्डात गाणी असतात.

परत येताना जीपमध्ये आई म्हणाली, "डब्यात चालतंय की गं अजून. अडखळतंय, पर जातंय म्होरं."

आणि माझ्या डोक्यात तिथं उजेड पडला. लॅपटॉप कार्डाकडं घागरीनं पाणी मागतो. डबं मागतं घोट घोट, जेवढं वाजवायचं तेवढंच. म्हणून लॅपटॉपपुढं मान टाकणारं कार्ड डब्यात अजून चालत होतं. मग डबं वाजवायचं आणि त्याचा आवाज दुसरीकडं भरून घ्यायचा. जेवढी दुपार, तेवढाच वेळ लागणार. त्याच्या आत होणार नाही, पण होईल तरी.

वायरीनं जोडून भरलं असतं तर आवाज स्वच्छ आला असता, पण डब्याच्या हेडफोनच्या भोकात धूळ जाऊन ते कधीच मेलं होतं. शेवटी साधंच ठरवलं. डबं पाटावर ठेवायचं, शेजारी माझा फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवायचा आणि दोघींनी अजिबात बोलायचं नाही. आईनं शेजारी जाऊन सांगितलं, की आज दुपारी शेरडं जरा लांब बांधा. कोंबडं टोपलीखाली झाकलं. दारं लावली. शेजारीण म्हणाली, "काय पूजा हाय का?" आई म्हणाली, "व्हय, तसंच."

कार्ड गार झालं होतं. आईनं ते डब्यात घातलं आणि मी फोन सुरू केला.

आगं, ऐकतीस का.

बोलणं संपलं. कापडाची खसखस झाली, तो फोन खिशात गेला. मग ते सुरू झालं, जे मी इतकी वर्षं ऐकलं नव्हतं. चपला दगडांवर वाजत होत्या. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा कधी जवळ, कधी लांब. आबा मधूनच ओठ फडफडवून मेंढरांना हाक द्यायचे, बारकी शीळ घालायचे. एकदा कुणा मेंढीला त्यांनी शिवी दिली आणि मला हसू आलं. काडी ओढल्याचा आवाज आला आणि विडीचा वास आल्यासारखं वाटलं.

सुरुवातीला मला बसवत नव्हतं. माझा स्वभावच तसा नाही. फोनमधला आकडा पुढं सरकतो का बघायची, दाराच्या फटीतून बाहेर बघायची. आई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. बोलायचं नाही ठरलं होतं म्हणून ती हातानं सांगत होती. तिनं बोट वर केलं, की मागोमाग आबा खोकायचे. तिनं तळहात खाली केला, की ते थांबायचे. तिनं दूर कुठंतरी मान वळवली आणि तिकडूनच आल्यासारखं कुत्रं भुंकलं. तिला सगळं पाठ होतं. कुठं उतार आहे, कुठं ओढ्यात पाय घातला, कुठं काळी मागं राहिली.

हळूहळू माझंही लक्ष लागलं. मला आबा दिसायला लागले, पाठमोरे, घोंगडं खांद्यावर. लहानपणी त्यांच्या मागनं चालताना दिसायचे तसे. मी शाळेला लागल्यावर ते चालणं सुटलं आणि नंतर मी त्यांना फक्त घरी आलेलं किंवा घरातनं निघालेलं बघितलं. मधलं त्यांचं सगळं आयुष्य असं चालण्यात गेलं आणि ते मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं. आवाज येऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला.

एक गोष्ट मला कानानं कळत गेली. चपलांचा आवाज जड होत होता. सुरुवातीला ते सलग चालत होते. मग थोडं चालून थांबू लागले. थांबले, की श्वास ऐकू यायचा. खिशातला फोन छातीशीच होता, त्यामुळं श्वास अगदी कानाशी येत होता. बरोबरच्यांना कळला नसेल तो दम मला इतक्या वर्षांनी माझ्या माहेरच्या घरात कळत होता. मी आईकडं बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

मग चढ आला. कुत्रं भुंकलं. आबांनी त्याला काहीतरी म्हटलं आणि डबं अडखळलं.

आईनं डोळे उघडले आणि मला हातानं थांबवलं. थांब, जातंय पुढं. आम्ही वाट बघितली. डबं एकदा खरखरलं, एक घंटा अर्धी वाजली आणि पुन्हा काही नाही. आई थोडी पुढं सरकली आणि तिनं डब्याच्या पाठीवर हात ठेवला, दमलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. डबं गप्पच होतं. तिनं पुढं जायचं बटण दाबलं. डबं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आगं ऐकतीस का, आणि तेही अर्ध्यात तुटलं. मी कार्ड काढलं, पुसलं, परत घातलं. डब्याचा लाल दिवा नुसता मिचमिचला. पुन्हा घातलं. या वेळी दिवाही मिचमिचला नाही. मला कळलं, की कार्ड गेलं. असं कार्ड माझ्या दुकानात कुणी आणलं, तर मी हातात घेऊन लगेच परत देते.

"गेलं?" आईनं विचारलं. ठरल्यावर पहिल्यांदाच ती बोलली.

"व्हय."

मग मांडीवरचे हात तिनं सारखे केले आणि डब्याकडं बघत बोलायला लागली. मला सांगत होती की स्वतःला, हे कळत नव्हतं.

"आता चढ संपला. सपाटीला आलं. हितं मेंढरं पांगत्यात, घंटा लांब जात्यात. आता खाली बसलं, कापडाचा आवाज येतो. भाकरी सोडली. कुत्र्याला टाकली. आपुन जेवत न्हाईत. पानी पेलं नुसतं." ती थांबली, तिच्या डोक्यात जेवढा वेळ ते थांबत होते तेवढाच. "लय धाप हाय हितं. येवढी कवा लागली न्हवती. मी संगं हुते तवर कवाच न्हवती."



"मग कुत्र्याला म्हंत्यात, व्हय रं गड्या, माघारी जावं का घरला?"

"आबा असं म्हनाले?"

"म्हंत्यात की. रोज म्हंत्यात."

मला एकदम आबांचा राग आला. गेलेल्या माणसाचा येऊ नये, पण आला. कुत्र्याला विचारलं. आम्ही काय मेलो होतो? दरीतनं वर येऊन एक फोन करता येत नव्हता? कुणी भावाला कळवलं असतं, मी गाडी करून गेले असते, सातारला दवाखान्यात नेलं असतं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि आईच्या तोंडाकडं बघून मी ते गिळलं. हे सगळं तिनं माझ्या कितीतरी आधी म्हणून संपवलं होतं. रोज ऐकत होती ती. आणि आम्हा पोरांना एका शब्दानं बोलली नव्हती.

"कुत्रं काय बोलनार," आई म्हणाली. "मग त्ये गप बसत्यात. लय न्हाई, घोटभर पानी प्यावं येवढंच. तितं मी म्हंते, या. रोज म्हंते. येवढ्यासाठीच तर लावते. मी या म्हंते, मग त्ये उठत्यात, मेंढरांस्नी हाकारत्यात आन जात्यात म्होरं."

बाहेर टोपलीखालचं कोंबडं ओरडलं. आईनं डब्यातलं कार्ड काढून तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं.

"आता ती जागाच गेली, व्हय गं?"

"व्हय आये."

"मग मी कवा म्हनू?"

रेकॉर्डिंगला लावलेला फोन सुरूच होता, त्यामुळं माझं गप्प बसणंही त्यात आलं आहे.